घोणस चावल्यावर शरीरात काय बिघडतं, आणि त्यातलं काय वाचवता येतं

पेरणीपासून सोयाबीनच्या काढणीपर्यंतचे महिने आपल्या भागात साप चावण्याचे. पावसानं बिळं भरतात, साप वर येतात आणि उंदरांच्या मागे पिकात, धुऱ्यावर, कापून टाकलेल्या ढिगाखाली जाऊन बसतात. त्याच दिवसांत आपले हातपायही तिथेच असतात. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि बहुतेक खेड्यापाड्यांतले. हे आकडे नांदेड-लातूरच्या माणसाला परके वाटण्याचं कारण नाही. प्रत्येक गावात असं एखादं घर असतंच.

साप चावल्यावर काय करावं याचे फलक दवाखान्यात लावलेले असतात, पण घाबरलेल्या घराला ते आठवत नाहीत. विष अंगात गेल्यावर नेमकं कुठे काय बिघडतं आणि किती वेळात बिघडतं, हे एकदा नीट समजलं तर दोर का बांधायचा नाही, तालुक्याला का पळायचं, लघवीकडे का लक्ष ठेवायचं, हे पाठ करावं लागत नाही. म्हणून आधी आतल्या बिघाडाबद्दल लिहितो.

माणसाच्या जिवावर बेतणारे साप आपल्याकडे मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. या लेखाचा भर घोणशीवर आहे, कारण एकाच चाव्यात मांस, रक्त आणि मूत्रपिंड या तिन्हींवर ती घाव घालते. जाडजूड तपकिरी अंग, पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा, त्रिकोणी डोकं, आणि डिवचलं तर कुकरच्या शिट्टीसारखा लांब फुत्कार. अजगराचं पिल्लू समजून तिला हात लावणारे लोक आहेत. डुरक्या घोणस म्हणतात तो आखूड शेपटीचा साप निराळा, तो बिनविषारी. पण हा फरक शेतात, अंधारात, चावून झाल्यावर ठरवत बसायचा नाही.

घोणशीचं विष हे अनेक प्रथिनांचं मिश्रण आहे आणि त्यातल्या प्रत्येकाचं काम वेगळं. आपल्या मांसात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. त्यांच्या पेशींखाली कोलॅजनचं एक पातळ अस्तर असतं आणि त्याच्या आधारानं ती भिंत टिकून राहते. विषातली काही विकरं हे अस्तरच कापतात. भिंत फुटली की रक्त आणि पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपतं. म्हणून पाऊल बघता बघता सुजतं, सूज पोटरीकडे चढते, कातडी निळी-काळी पडते, फोड येतात. दुसऱ्या प्रकारची विकरं स्नायूंच्या पेशींचं आवरण विरघळवतात. पेशी फुटली की तिच्यातलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे तांबूस प्रथिन रक्तात उतरतं. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. मायोग्लोबिन जातं मूत्रपिंडाकडे, आणि तिथे काय होतं ते पुढे सांगतो.

रक्तावरचा परिणाम समजायला थोडा अवघड, पण तोच सर्वांत महत्त्वाचा. जखम झाली की रक्त गोठतं ते एका साखळीमुळे. एक घटक जागा होतो, तो पुढच्याला जागं करतो, आणि शेवटी फायब्रिनोजेनचे धागे होऊन गुठळी बनते. घोणशीचं विष या साखळीतल्या दहाव्या आणि पाचव्या घटकाला जखम नसतानाच जागं करतं. शरीरभर, वाहत्या रक्तातच गोठण्याची क्रिया सुरू होते आणि सगळा साठा वापरला जातो. काही तासांत फायब्रिनोजेन संपतं आणि रक्त गोठेनासं होतं. मग हिरड्यांतून रक्त येतं, थुंकी लाल होते, चाव्याची जागा वाहत राहते, सुई टोचलेल्या ठिकाणचं रक्त थांबत नाही. अचानक डोकं फुटल्यासारखं दुखून उलट्या झाल्या तर मेंदूत रक्तस्राव झाल्याची शंका घ्यावी लागते. फुरशाचं विषही साखळीच्या दुसऱ्या कडीवर घाव घालून रक्ताची अशीच गत करतं.

आता मूत्रपिंड. घोणस चावल्यानंतर पहिल्या दिवशी वाचलेली माणसं पुढच्या आठवड्यात याच अवयवामुळे अडचणीत येतात. मूत्रपिंडाला रात्रंदिवस भरपूर रक्त लागतं. इथे एकाच वेळी अनेक गोष्टी त्याच्या विरोधात जातात. फुटक्या वाहिन्यांतून पाणी मांसात गेल्यामुळे रक्तदाब पडतो आणि मूत्रपिंडाला रक्त कमी पोचतं. वाहत्या रक्तात झालेल्या बारीक गुठळ्या त्याच्या गाळणीत अडकतात. फुटलेल्या स्नायूंचं मायोग्लोबिन आणि फुटलेल्या रक्तपेशींचं हिमोग्लोबिन लघवीच्या सूक्ष्म नळ्यांत साचून त्या तुंबवतं. शिवाय विष स्वतःच त्या नळ्यांच्या पेशींना इजा करतं.

इथे दोन शक्यता असतात आणि त्यांतला फरक फार मोठा आहे. नुसत्या नळ्यांच्या पेशी मेल्या तर त्या पुन्हा वाढतात. दोन-चार आठवडे डायलिसिसवर काढले की बहुतेकांची लघवी सुरू होते आणि माणूस घरी जातो. पण रक्त न पोचल्यामुळे मूत्रपिंडाचा बाहेरचा थरच मेला, तर तो परत उगवत नाही. मग कायमच्या डायलिसिसची वेळ येऊ शकते. यातलं कोणतं होणार हे विष किती गेलं यावर ठरतं, आणि ते किती वेळ मोकळं फिरत राहिलं यावरही. पहिली गोष्ट आपल्या हातात नाही, दुसरी आहे.

मोकळ्या फिरणाऱ्या विषाला पकडणारं एकच औषध आहे: प्रतिविष. घोड्यांना सापाचं विष अत्यंत थोड्या, वाढत्या मात्रेत टोचतात, त्यांच्या रक्तात विषाला पकडणारी प्रथिनं तयार होतात, आणि ती शुद्ध करून बाटलीत भरतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये अनेक दशकं हे काम होत आलं आहे. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष वर सांगितलेल्या चारही सापांवर एकत्रित चालतं, म्हणून साप ओळखता आला नाही तरी उपचार अडत नाही. सापाला मारून पिशवीत घालून नेण्याची गरज नाही. मेलेला वाटणारा साप चावल्याची उदाहरणं आहेत.

प्रतिविष काय करतं हे मात्र स्पष्ट समजून घ्या. ते रक्तात फिरणाऱ्या विषाला चिकटतं आणि त्याला निकामी करतं. नवं नुकसान थांबतं. पण विरघळलेला स्नायू ते परत जोडत नाही, मेलेली कातडी जिवंत करत नाही, आणि तुंबलेलं मूत्रपिंड मोकळं करत नाही. पहिल्या तासाला दिलेल्या दहा बाटल्यांनी जे साधतं ते दहाव्या तासाला वीस बाटल्यांनीही साधत नाही. रात्री चावलं, सकाळी बघू, असं ठरवण्यात जे जातं ते पुढे पैशानं विकत मिळत नाही.

मांत्रिकाचा प्रश्न इथेच येतो. मारुतीच्या पारावर नेणं, लिंबाचा पाला खायला घालून कडू लागतो का बघणं, मिरची चावायला देणं, हे अजूनही चालतं. त्यातून माणसं बरी झालेलीही दिसतात, हे खरं आहे. कारण चावणाऱ्या सापांतले बरेच बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. ही माणसं तशीही बरी होणारच होती. ज्याच्या अंगात विष गेलं आहे त्याचे मात्र पारावरचे दोन तास म्हणजे मूत्रपिंडाचे दोन तास. मांत्रिकावर श्रद्धा असणाऱ्या घराशी वाद घालत बसू नका. आधी दवाखाना, मग देव, एवढं पटवा आणि गाडी काढा.

दोर बांधण्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण सुशिक्षित घरांतही तो बांधला जातो. सुतळी, करदोडा, ओढणी, जे हाताला लागेल ते आवळतात. विष वर चढू नये हा हेतू. प्रत्यक्षात पायाचं रक्त बंद होतं, आणि मांस फोडणारं विष त्याच उपाशी मांसात कोंडलं जातं. रक्ताशिवाय स्नायू काही तासच तग धरतो. त्यानंतर दोर सुटला की मेलेल्या स्नायूतलं पोटॅशियम, मायोग्लोबिन आणि कोंडलेलं विष एकदम हृदयाकडे आणि मूत्रपिंडाकडे सुटतं.

लातूरकरांना याच्या जवळची गोष्ट माहीत आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात दगडमातीची घरं माणसांवर कोसळली. अशा ढिगाऱ्याखाली पाय तासन्‌तास दबून राहिलेला माणूस बाहेर काढल्यावर बोलतो, पाणी मागतो, वाचला असं वाटतं. आणि पुढच्या दिवसांत त्याची लघवी बंद होऊ शकते. दबलेल्या स्नायूंचा मूत्रपिंडाशी असलेला हा संबंध 1941 साली लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यातल्या जखमींवरून एरिक बायवॉटर्स या डॉक्टरांनी मांडला. आवळलेला दोर पायाला त्याच वाटेनं नेतो. तेव्हा दोर बांधू नका. आणि कुणी आधीच घट्ट बांधला असेल तर वाटेत झटक्यात सोडूही नका. दवाखान्यात प्रतिविष आणि डॉक्टर हाताशी असताना तो सोडवतात.

जखम चिरणं, तोंडानं चोखणं, बर्फ लावणं हेही नकोच. रक्त गोठत नसलेल्या माणसाच्या पायाला ब्लेड लावलं तर त्या चिरेतून रक्त वाहतच राहतं. याच कारणानं गावातल्या दवाखान्यात कंबरेत इंजेक्शन घेऊ नका, आतल्या मांसात रक्ताची गाठ धरते. दुखतंय म्हणून ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी गोळी देऊ नका. या गोळ्या रक्तस्राव वाढवतात आणि मूत्रपिंडालाही त्रास देतात. वेदना असह्य असेल तर पॅरासिटामॉल चालतं.

करायचं ते सोपं आहे. माणसाला खाली बसवा, चालू देऊ नका, पळू तर मुळीच देऊ नका. चाललं की पोटरीचे स्नायू विषाला पुढे ढकलतात. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, बूट लगेच काढा. सूज चढल्यावर तेच दागिने दोराचं काम करतात. मोडलेल्या हाडाला देतात तसा काठीचा किंवा पुठ्ठ्याचा आधार देऊन पाय सैल फडक्यानं बांधा, हलू नये एवढंच. किती वाजता चावलं ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पेनानं पायावर सुजेच्या कडेची खूण करून वेळ टाका, म्हणजे सूज किती वेगानं चढते हे डॉक्टरांना दिसतं. 108 ला फोन करा, आणि ती गाडी यायला वेळ लागणार असेल तर थांबू नका. मोटारसायकलवर रुग्णाला मध्ये बसवून मागून एकानं घट्ट धरून नेलं तरी चालतं. निघतानाच ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात फोन करून प्रतिविष आहे का, डॉक्टर आहेत का, हे विचारा. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतं.

दवाखान्यात पोचल्यावर एक तपासणी तुमच्या डोळ्यांसमोर होईल, ती समजून घ्या. शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढून काचेच्या स्वच्छ, कोरड्या परीक्षानळीत ठेवतात. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकमध्ये निकाल चुकतो, आणि साबणाचा अंशही चालत नाही. वीस मिनिटं त्या नळीला हात लावायचा नाही, हलवायचंही नाही. मग एकदाच तिरपी करून बघतात. गोठलेलं रक्त तळाशी धरून राहतं. पातळ वाहिलं तर गोठण्याची साखळी तुटली आहे आणि प्रतिविष लगेच हवं. या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, खर्च जवळपास शून्य. लहान गावातल्या दवाखान्यासाठी याहून मोलाची तपासणी मला माहीत नाही. पहिल्यांदा रक्त गोठलं म्हणून घरी जायचा हट्ट धरू नका. विषाचा परिणाम उशिरानं दिसू शकतो, त्यामुळे किमान एक दिवस निरीक्षणाखाली राहावं लागतं.

सुरुवातीला साधारण आठ ते दहा बाटल्या शिरेतून देतात. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. त्यावरून डॉक्टरांशी भांडू नका. नंतर सहा तासांनी पुन्हा तीच वीस मिनिटांची तपासणी होते. मधल्या वेळात रक्त पातळ दिसलं तरी घाबरायचं कारण नाही. संपलेले घटक यकृताला नव्यानं तयार करायला तेवढा वेळ लागतो. प्रतिविषाची काहींना ॲलर्जी येते. अंगावर गांध्या, थंडी वाजणं, धाप लागणं यातलं काही दिसलं की लगेच नर्सला सांगा. त्यावर ॲड्रिनलिन हे औषध तयार ठेवलेलं असतं.

नातेवाइकानं करायचं खरं काम म्हणजे लघवी मोजणं. बाटली किंवा भांडं जवळ ठेवा, दर वेळी किती झाली आणि रंग कसा आहे ते वेळेसह लिहा. चहासारखी किंवा लाल लघवी, किंवा सहा तासांत अजिबात न होणं, हे डॉक्टरांना ताबडतोब सांगायचं. अशा वेळी डायलिसिसची सोय असलेल्या ठिकाणी हलवणं लांबवू नये. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही मोठी सरकारी ठिकाणं आहेत. हलवताना पहिल्या दवाखान्यातून किती बाटल्या दिल्या आणि किती वाजता, याचा कागद सोबत घ्या.

मण्यार आणि नाग यांची वाट वेगळी. ते मुख्यतः नसांवर जातात. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, चावल्याचं कळतही नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, घोट गिळता येत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पापण्या उघडू शकत नसेल तर खूण शोधू नका, थेट दवाखाना गाठा. मण्यारीचं विष नसांची टोकंच खराब करतं. ती टोकं नव्यानं वाढेपर्यंत, काही दिवस, श्वासाचं यंत्र लागू शकतं. यंत्रावर ठेवलं म्हणजे आशा संपली असं समजून घरी नेऊ नका, असे रुग्ण पूर्ण बरे होतात. नागाच्या विषावर प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिन हे औषधही चालतं, पण चाव्याभोवतीचं मांस मात्र तो नासवतो.

हे सगळं मोठ्या शहरातच होतं असा समज असेल तर मुखेडकडे बघा. नांदेड जिल्ह्यातल्या, बालाघाटच्या डोंगराळ मुलखातल्या या तालुक्याच्या गावात डॉ. दिलीप पुंडे यांनी वर्षानुवर्षं सर्पदंशाचे रुग्ण सांभाळले आणि दहा वर्षांचा अनुभव 2005 साली ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’ या नियतकालिकात मांडला. तालुक्याच्या ठिकाणी वेळेत प्रतिविष दिलं तर माणूस वाचतो, हे आपल्याच जिल्ह्यात करून दाखवलेलं काम आहे.

खबरदारीचं थोडक्यात: वीज रात्रीची असेल आणि पाणी द्यायला जायचंच असेल तर बॅटरी आणि गमबूट, दोन्ही. सोयाबीनचा ढीग किंवा कडबा उचलताना आधी काठीनं हलवा. आखाड्यावर बाजेवर झोपा, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. मण्यारीपासून एवढ्यानं खूप बचाव होतो.

दवाखान्यातली नोंद आणि कागदपत्रं जपून ठेवा. दुर्दैवानं शेतकऱ्याचा सर्पदंशानं मृत्यू झालाच, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत वारसांना 2 लाख रुपये मिळतात, आणि नोंदच नसेल तर दावा सिद्ध करणं जड जातं.

बरं होऊन घरी आलेल्यांचं काम तिथे संपत नाही. ज्यांची लघवी कमी झाली होती किंवा डायलिसिस झालं होतं, त्यांनी क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं आणि रक्तदाब महिन्याभरानं, तीन महिन्यांनी आणि पुढेही डॉक्टर सांगतील तसा तपासत राहावं. घोणशीच्या काही रुग्णांत मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतही रक्तस्राव होतो आणि त्याचा परिणाम काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी दिसतो. कायमचा थकवा, भूक मरणं, अंगावरचे केस गळणं, बाईची पाळी बंद होणं. घरचे म्हणतात, सापाचा धसका घेतलाय. अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांना जुन्या चाव्याबद्दल आपणहून सांगा आणि कॉर्टिसोल, थायरॉइडसह संप्रेरकांची तपासणी करायला सांगा. यावर गोळ्या आहेत, आणि त्या सुरू केल्यावर माणूस पुन्हा कामाला लागतो.